जुन्या फटफटीची निगा

दुरुस्ती आणि निगा हे दोन शब्द आपण बोलतांना पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों. वस्तुतः त्यांच्यांत फार अंतर आहे. वस्तु मोडल्यावर जें करावें लागतें ती दुरुस्ती. वस्तु मोडूं नये म्हणून जें करीत राहावें लागतें ती निगा. दुरुस्तीला निमित्त लागतें. निगेला केवळ तारीख लागते. दुरुस्ती करणारास मोबदला मिळतो व शाबासकीहि मिळते, कारण बंद पडलेलें यंत्र त्याच्या हातून पुन्हां चालूं झालेलें सर्वांना दिसतें. निगा राखणाराचें काम मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. काल चालत होतें तें आजहि चालत आहे, एवढेंच काय तें त्याचें फळ. हा भेद मला एका जुन्या मोटारसायकलीनें शिकविला. तिच्याविषयीं चार शब्द लिहावे, असें पुष्कळ दिवसांपासून मनांत होतें.

आपल्या वाडवडिलांनीं मोटारसायकलीला तिच्या आवाजावरून ‘फटफटी’ असें नांव दिलें होतें. आजच्या नव्या गाड्यांना तें नांव शोभत नाहीं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना तर मुळींच नाहीं. परंतु माझी गाडी बुलेट जातीची व १९८६ सालची असल्यामुळें तिला दुसरें नांव देववत नाहीं. या जातीचें मूळ गांव इंग्लंडांतील रेडिच. तेथील रॉयल एनफील्ड कंपनीनें १९३२ सालीं ‘बुलेट’ हें नांव प्रथम वापरलें व १९४९ सालीं तिला आपल्या ओळखीचें रूप दिलें. पुढें आपल्या सैन्याची मागणी आल्यामुळें १९५५ सालीं मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, तिचा कारखाना निघाला. रेडिचचा कारखाना १९६७ सालीं बंद पडला. पण मद्रासेस तीच गाडी, बहुतेक त्याच आराखड्याप्रमाणें, विसावें शतक संपेपर्यंत तयार होत राहिली. याचा एक लाभ मजसारख्या सामान्य मनुष्यास असा होतो कीं, चाळीस वर्षांच्या गाडीचा लहानसा भाग हवा असला तरी गुरुवार पेठेंतून चालत नाना पेठेंत जावें व तेथील दुकानांतून तो घेऊन यावा. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर होतें. १९६० नंतर आकुर्डीहून स्कूटरी बाहेर पडूं लागल्या आणि तें हळूहळू स्वयंचलित दुचाकींचें शहर झालें. अशा शहरांत वाहन ठेवणारे लाखों आहेत. वाहनाच्या पोटांत काय चाललें आहे हें पाहणारे मात्र थोडेच आढळतात.

ही गाडी मीं २००७ सालीं खडकीच्या दारुगोळा कारखान्यांतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून विकत घेतली. व्यवहार पुरा झाल्यावर त्यांनीं किल्लीबरोबर एक जाड पुठ्ठ्याची वही माझ्या हातीं ठेवली आणि म्हणाले, “मास्तर, गाडी दिली ती दिली, पण वही बंद पडूं देऊं नका.” घरीं आल्यावर मीं ती वही मोठ्या उत्सुकतेनें उघडली. लांबचे प्रवास, रात्रीचे प्रसंग, कोठेंतरी जंगलांत बंद पडलेली गाडी, असें कांहींतरी वाचावयास मिळेल अशी माझी कल्पना होती. तसें त्यांत कांहींच नव्हतें. तारीख, किलोमीटरांचा आंकडा, केलेलें काम, आणि शेवटीं ‘ठीक’ हा एकच शब्द. प्लग साफ केला, ठीक. साखळी ताणली, ठीक. बॅटरींत पाणी घातलें, ठीक. एकवीस वर्षांच्या वहींत एकहि सांगण्याजोगी गोष्ट नव्हती! प्रथम ती मला फार रूक्ष वाटली. पुढें स्वतः नोंदी करूं लागल्यावर लक्षांत आलें कीं, त्या वहीचा मोठेपणा तिच्या रूक्षपणांतच आहे. आम्हां शिक्षकांचा हजेरीपट असाच रूक्ष असतो. पण सर्व मुलें वर्गांत आहेत, ही आनंदाची गोष्ट त्यावरूनच कळते.

माझा नेम असा आहे कीं, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं दुपारीं गाडी मागच्या अंगणांत मधल्या स्टँडवर उभी करावयाची. साहित्य फार लागत नाहीं. जुन्या बाजारांत रविवारीं सकाळीं हिंडून घेतलेले कांहीं पाने (गाडीचे कांहीं नट अद्याप जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत), एक पक्कड, दोन स्क्रू-ड्रायव्हर, फट मोजावयाच्या पातळ पोलादी पट्ट्या, दांत घासावयाचा जुना ब्रश, वाटीभर डिझेल आणि पुष्कळशीं फडकीं. इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज बहुतेक कामांस हात घालावयाचा नाहीं.

पहिलें काम पुसण्याचें. पुष्कळांस वाटतें कीं, गाडी चकचकीत दिसावी म्हणून ती पुसावयाची. माझ्या मतें पुसणें हा पाहण्याचाच एक प्रकार आहे. फडकें फिरवितांना बोट प्रत्येक नटावरून जातें, आणि जो नट सैल झालेला असतो तो बोटास आपण होऊन सांगतो. गेल्या महिन्यांत जेथें कोरडें होतें तेथें आज तेलाचा ओलावा लागला, तर आंतील गॅस्केट थकत चालला आहे असें समजावें. धुळीचा थर बसलेल्या गाडीवर यांतलें कांहींच कळत नाहीं.

तेल बदलण्याचें काम दर दोन हजार किलोमीटरांनीं येतें. थोडें फिरवून आणलेल्या गाडीचें तेल पातळ होऊन चांगलें निथळतें, म्हणून एवढें काम मात्र इंजिन कोंबट असतांना करावें. निघालेलें काळें तेल मी पांढऱ्या ताटलींत घेऊन उन्हांत धरतों व त्यांत लोहचुंबक फिरवितों. चुंबकाला बारीक करडी भुकटी लागली तर ती स्वाभाविक झीज होय. लखलखणारे कण लागले तर आंत कांहींतरी तुटत आहे. हें जुनें तेल गटारांत कधींहि ओतूं नये. तें शेवटीं मुठेंतच जाऊन मिळतें, आणि थोड्याशा तेलानें पुष्कळ पाणी नासतें. एका डब्यांत सांठवून जुनें तेल घेणाऱ्या गॅरेजकडे देणें हाच योग्य मार्ग.

यानंतरचें काम मला शास्त्रशिक्षक या नात्यानें विशेष आवडतें. इंजिनाच्या उजव्या अंगास एका लहान झांकणाखालीं धातूचे दोन ठिपके एकमेकांस टेकलेले असतात. त्यांस मिस्त्री लोक पॉईंट म्हणतात. ते टेकलेले असतांना बॅटरीची वीज कॉईलमधील जाड तारेच्या वेटोळ्यांतून वाहते. ते अलग होतांच ती वीज अकस्मात् तुटते, आणि त्या तुटण्यामुळेंच शेजारच्या बारीक तारेच्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगापाशीं ठिणगी पडते. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं जें तत्त्व प्रयोगानें सिद्ध केलें, व जें मी दरवर्षीं दहावीच्या वर्गांत फळ्यावर आकृति काढून समजावितों, तें येथें माझ्या अंगणांत काम करीत असतें. इंजिनाचे मिनिटास ३००० फेरे होत असतील तर हे पॉईंट मिनिटास १५०० वेळां, म्हणजे सेकंदास २५ वेळां उघडतात. इतक्या वेळां उघडझांप करणारा भाग झिजणारच. झीज झाली कीं फट कमी होते, फट कमी झाली कीं ठिणगी अशक्त होते. म्हणून पोलादी पट्टी घालून ती फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, म्हणजे सुमारें नखाच्या जाडीएवढी, आहे किंवा नाहीं हें पाहावयाचें व पॉईंटांचीं तोंडें बारीक कागदानें हलक्या हातानें साफ करावयाचीं. त्याच वेळीं प्लगहि काढून पाहावा. त्याचें टोंक बिस्किटासारखें तांबूस असेल तर आंतील ज्वलन यथास्थित आहे. काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक जात आहे. पांढरें फटक पडलें असेल तर तें कमी पडून इंजिन फार तापत आहे. वैद्य जीभ पाहून पोटाची परीक्षा करतो, त्यांतलाच हा प्रकार!

झडपा उघडणाऱ्या दोन उभ्या दांड्यांचें काम सर्वांत नाजूक. सिलिंडरच्या उजव्या बाजूस एक झांकण असतें. तें काढलें कीं त्या दांड्यांचीं खालचीं टोंकें दिसतात. दट्ट्या दाबाच्या वेळीं अगदीं वरच्या टोंकास आणून ठेवावयाचा आणि मग प्रत्येक दांडी दोन बोटांत धरून पाहावयाची. ती गोल फिरली पाहिजे, पण वरखालीं हलतां कामा नये. ती अडखळली तर झडप पुरती मिटत नाहीं व जळून जाते. ती वरखालीं हलली तर टक् टक् असा आवाज येऊं लागतो व ठोके बसून भाग झिजतात. थंड असतांना अशी जुळवणी करावयाचें कारण असें कीं, इंजिन चालूं झाल्यावर सिलिंडर तापून वाढतो, दांड्या त्या मानानें थंड राहतात, आणि आवश्यक तेवढी फट आपोआप पडते. या कामास कोणतेंहि मोजमाप नाहीं. बोटांच्या जाणिवेवरच सर्व अवलंबून असतें. आमच्या घरीं तें काम माझी कन्या करते. ती नववींत आहे, व तिचीं बोटें माझ्याहून बारीक असल्यामुळें त्या अरुंद जागेंत तीं सहज जातात. आरंभीं ती दहा वेळां मला विचारीत असे. आतां ती डोळे मिटून दांडी फिरविते आणि मजकडे न पाहतांच मला पाना मागते.

मग साखळी. ती खालच्या बाजूस मध्यभागीं दाबली असतां सुमारें २५ मिलिमीटर झुलावी. फार ताणली तर तुटते; फार सैल सोडली तर दात्यांवरून उडते. येथें विद्यार्थ्यांस एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. इंजिन चालूं ठेवून, मागील चाक फिरतें ठेवून, साखळी पुसण्याचा मोह कोणासहि होऊं नये. फडकें दात्यांत सांपडलें तर त्यामागून बोटें आंत जाण्यास क्षणाचाहि अवधि लागत नाहीं. चाक हातानेंच फिरवावें. त्यांत पांच मिनिटें अधिक जातात, तीं जाऊं द्यावीं.

सर्वांत शेवटीं ब्रेक. या संबंधांत एक प्रसंग सांगतों. तीन वर्षांपूर्वीं डिसेंबर महिन्यांतील पहिल्या शनिवारीं नित्याप्रमाणें मी तपासणी करीत होतों. दुसऱ्या दिवशीं पत्नीला घेऊन सासवडास नातलगांकडे जावयाचें होतें. पुढील ब्रेक दाबून पाहिला. तो उत्तम लागत होता. तेवढ्यावर काम आटोपतें असें कोणीहि म्हटलें असतें. परंतु वहींत पहिल्या मालकांनीं प्रत्येक वेळीं ‘केबल : रबर सरकवून पाहिली’ असें लिहिलेलें असे, म्हणून मींहि मुठीजवळचें रबरी आवरण मागें सारलें. आंत केबलीच्या टोंकापाशीं चार बारीक तारा तुटून मिशांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. केबल म्हणजे अनेक बारीक तारांचा पीळ. ब्रेक दाबला कीं तो पीळ प्रत्येक वेळीं एकाच जागीं वांकतो, आणि तेथेंच एकेक तार तुटूं लागते. चार तुटल्या तरी उरलेल्या तारा भार उचलतात व ब्रेक पूर्वींसारखाच लागतो. नंतर पांचवी, सहावी, सातवी. सर्वच्या सर्व तुटावयाच्या त्या अर्थातच ज्या क्षणीं ब्रेक सर्वांत जोरानें दाबला जाईल त्याच क्षणीं, म्हणजे ज्या क्षणीं त्याची सर्वांत अधिक गरज असेल तेव्हां.

नाना पेठेंतून नवी केबल आणली. किंमत दोघांच्या न्याहारीएवढी. अर्ध्या तासांत ती बसविली. दुसऱ्या दिवशीं आम्हीं सासवडास गेलों व संध्याकाळीं दिवे घाट उतरून परत आलों. घाटांत पुढें पाण्याचा टँकर होता, मागें मोटारींची रांग होती, एका वळणावर एकाएकीं थांबावें लागलें, आणि गाडी थांबली. खालीं मस्तानी तलावाच्या पाण्यावर उन्हें उतरलीं होतीं. तीं पाहत पत्नी कांहींतरी बोलत होती. त्या प्रवासांत विशेष असें कांहींहि घडलें नाहीं. घरीं येऊन मीं वहींत लिहिलें : ‘पुढील ब्रेकची केबल नवी. सासवड जाऊन येऊन ७० किलोमीटर. ठीक.’ त्या दिवशीं मला पहिल्या मालकांच्या एकवीस वर्षांच्या ‘ठीक’चा अर्थ कळला. त्या शब्दाखालीं न झालेले किती अपघात दडलेले असतील, व न रडलेलीं किती माणसें, हें कोणास सांगतां येणार?

हा विचार आपल्याकडे कांहीं नवा नाहीं. आमचे आजोबा नगर जिल्ह्यांत कोरडवाहू शेती करीत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीं ते बैलांची खांदेमळणी करीत, म्हणजे हळद व तूप घेऊन बैलांचे खांदे चोळीत. शिंगें रंगविणें, झूल घालणें हें दुसऱ्या दिवशींचें. पण पहिला हात खांद्याला. ज्या ठिकाणीं वर्षभर जूं घासतें त्या ठिकाणींच तूप लावावें, असा तो संकेत आहे. माझ्या मतें निगेचें सारें शास्त्र त्यांत आलें. जेथें शोभा आहे तेथें आपला हात आपण होऊन जातो; जेथें घासतें तेथें तो मुद्दाम न्यावा लागतो. दसऱ्यास आमच्या आळींतील शेजारी पहांटेपासून आपापलीं वाहनें व हत्यारें धुऊन पुसून त्यांस झेंडूचे हार घालतात. त्या दिवशींचा तो उत्साह पाहून मला नेहमीं वाटतें कीं, पूर्वजांनीं वर्षांतून एक तरी दिवस असा बांधून दिला कीं ज्या दिवशीं प्रत्येक घरांत अवजाराला हात लागलाच पाहिजे. तो एक दिवस बारा व्हावे, एवढेंच माझें मागणें आहे.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जुनी गाडी बाळगणें नेहमींच शहाणपणाचें असतें असें नाहीं. तिचा धूर नव्या गाडीहून अधिक असतो. पंधरा वर्षें उलटल्यावर तिची सरकारी तपासणी करून नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, व पर्यावरण कर भरावा लागतो. तो न्याय्यच आहे. शिवाय आतां पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें व जुन्या प्रकारच्या रबरास बाधतें. म्हणून पेट्रोलची रबरी नळी आतां मी दरवर्षीं बदलतों, आणि गाडी फार दिवस उभी राहावयाची असली तर टांकी व कार्बोरेटर रिकामे करतों. पुढेंमागें ही गाडी तपासणींत उतरली नाहीं, अथवा तिची निगा राखण्याची शक्ति माझ्यांत उरली नाहीं, तर तिला निरोप द्यावा लागेल. ज्या यंत्राची निगा आपल्याच्यानें होत नाहीं तें केवळ प्रेमाखातर रस्त्यावर आणण्याचा आपणांस अधिकार नाहीं. रस्त्यावर आपण एकटे नसतों. आपल्या ब्रेकवर समोरून रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी मुलाचाहि तितकाच विश्वास असतो, जरी त्या बिचाऱ्यास तें ठाऊक नसलें तरी.

पालकांस येथें एक विनंति आहे. अठरा वर्षें पूर्ण होण्यापूर्वीं मुलामुलींच्या हातीं मोटारसायकल देऊं नये. २०१९ सालच्या सुधारित मोटार वाहन कायद्यानें अशा पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे; पण दंडाच्या भीतीहून मुलाच्या जिवाची किंमत मोठी आहे, हें तुम्हांस मीं सांगावयास नको. परंतु गाडी चालविण्यास वयाची अट असली तरी तिची निगा राखण्यास ती नाहीं. मुलांना गाडीपाशीं बसूं द्या. त्यांचे हात काळे होतील; ते साबणानें निघतात. गणितांत व शास्त्रांत चांगले गुण मिळविणारीं मुलें साधा नट कोणत्या दिशेस फिरवावा हें जाणत नाहींत, आणि हें न जाणणें हेंच हुशारीचें लक्षण आहे असें कित्येक घरांत मानलें जातें, याचें मला वाईट वाटतें. ज्या मिस्त्रीच्या कौशल्यावर आपण रोज आपला जीव सोंपवितों, त्याला ‘शिकला नाहीं म्हणून गॅरेजांत गेला’ असें म्हणणें तरी आपल्या मुखीं शोभतें काय?

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं मोटारसायकल नसेल तर सायकल असेल. सायकल नसेल तर आईचें शिवणयंत्र असेल, पाण्याचा पंप असेल, निदान दाराची करकरणारी बिजागरी तरी असेलच. येत्या दिवाळीच्या सुटींत त्यांपैकीं कोणतीहि एक वस्तु आपली म्हणून निवडा. वडील माणसांस विचारून ती उघडा, पुसा, जेथें घासतें तेथें दोन थेंब तेल घाला, आणि एका वहींत तारीख घालून काय केलें तें लिहून ठेवा. पुढच्या महिन्यांत त्याच तारखेस पुन्हां पाहा. दोन-तीन महिन्यांनीं तुम्हांस याचा कंटाळा येईल, कारण सारें ठीकच असेल. तरीहि त्या दिवशीं वही उघडा आणि तारीख घाला.